लेस्याचा नंबर

नाही नाही, बसा हो, जॅकेट काढा, इथे हीटर उगाच जास्त लावतात — चिडलाय ते दिसतंय, आणि चिडणारच की, हौसेनं नवा नंबर घ्यायचा आणि रोज जेवणं झाली की कुणीतरी परका माणूस विचारणार, ‘लेस्या, आंबट क्रीम आणू का?’ — मीसुद्धा चिडले असते. ओरेस्ट नाव त्याचं. इथेच, आमच्या पुनर्वसन केंद्रात, वरच्या मजल्यावर राहतो. धान्याच्या कोठारावरून पडला, मेंदूला मार बसला, आणि तेव्हापासून सांगितलेलं काही टिकत नाही. लेस्या त्याची बायको. फोन लावायला त्याला मी शिकवलं. मीच, दुसरं कोण.

कसं म्हणजे? चुकू द्यायचंच नाही, ही आमची पद्धत — अशा माणसाची एक चूक झाली की तीच पक्की होते, म्हणून बोट धरून बरोबर तेच, पुन्हा तेच — गजर वाजला, फोन घ्यायचा, एकेक आकडा दाबायचा, ‘काय आणू?’ विचारायचं. अख्खा हिवाळा गेला त्यात. डोक्यात नाही राहिलं, पण हातात राहिलं. त्यानं पहिल्यांदा एकट्यानं लावला तेव्हा लेस्या खाली गाडीपाशी उभी होती, तिथेच रडली. मी सगळ्यांना डोनट वाटत फिरले.

मग लेस्या गेली. कॅन्सर. आणि तिचा नंबर कंपनीनं तुम्हाला दिला.

फोनमधून पुसून टाका? अहो, पुसला की! गजरही बंद केला. जेवण झालं की बोटं आपली चालू. बहिणीचा नंबर शिकवायला बसले, बोट जुन्याच आकड्यावर. फोन काढून घेतला, तर सपाता घालून बर्फात तिला शोधायला निघाला. खरं सांगितलं — सांगितलं ना, समोर बसून सांगितलं, ढसाढसा रडला, आणि दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर परत फोन. परत सांगू? रोज मारू तिला? इतकं पक्कं शिकवलंय की आता मलाच मोडता येत नाही. काय करू, तुम्हीच सांगा.

नाही, त्याला खोटं उत्तर द्या असं मी म्हणणार नाही. पेशंटशी खोटं बोलायचं नाही, हा इथला नियम, नव्या मुलींकडून तो मीच घोकून घेते. तुम्ही नंबर बदला. खुशाल बदला. फक्त — तिकडून कुणी उचललं नाही ना, की तो उठतो, आणि दाराला कुलूप घालायची आम्हाला परवानगी नाही, आणि बाहेर काय थंडी आहे ते तुम्ही बघून आलाच आहात…

तुमच्या पर्समध्ये वाजतोय. तोच असणार, वर आत्ताच ताटं उचलली. कट करू नका. नका हो — द्या. द्या म्हणते ना इकडे.

हं, ओरेस्ट… हो, मीच… नको रे, आहे घरात, कालच आणलंय… जेवलास ना पोटभर?… नाही, तू बाहेर पडू नकोस. तिथेच बस. मी येतेच आहे… हो. ठेव.

घ्या तुमचा फोन. आणि जाताना दार लोटून घ्या.