पाटलांच्या उकिरड्यातल्या काचा

तारीख २२ मे १९७१, सकाळी ११ वाजता

माझे नाव मनकर्णा भ्रतार आसाराम खरात, वय अंदाजे चाळीस, धंदा शेतमजुरी, राहणार बोरदरा, तालुका जामखेड, जिल्हा अहमदनगर. गावातील सहादेव पाटील यांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे. त्याबाबत ठाण्यात बोलावून विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे की,

मी वरील ठिकाणी नवऱ्यासह राहते. मला पुष्पावती नावाची एकच मुलगी होती, वय एकोणीस. मागील वर्षी तिचे लग्न झाले होते व उन्हाळ्यात ती माहेरी आली होती. "होती" हेच सगळीकडे लिहावे लागेल, ते लिहावे.

सोमवार दि. ३ मे रोजी सकाळी सातचे सुमारास मी व पुष्पावती पाटलांच्या घरामागील उकिरडा उपसण्यास गेलो. खत पाट्यांत भरून बैलगाडीत टाकायचे काम होते. पुष्पावतीच्या पायात सासरहून आणलेल्या नव्या वहाणा होत्या. आमच्याकडे खताला लक्ष्मी म्हणतात, त्यात पायताण घालून कोणी शिरत नाही. मी तिला वहाणा काढायला सांगितले. तिने काढल्या. नऊचे सुमारास तिच्या उजव्या टाचेत काच घुसली. ती तिने स्वतः उपटली. कंदिलाच्या काचेचा तुकडा होता, बोटाएवढा. मी जखमेत हळद दाबली व वर फडके बांधले. गाडी खोळंबली होती म्हणून ती दिवस मावळेपर्यंत पाट्या भरत राहिली. मी तिला घरी जा म्हणाले नाही.

मंगळवार दि. ११ रोजी तिची दातखीळ बसली. पाटलांनी त्यांची बैलगाडी दिली व स्वतः बरोबर आले, हे खरे आहे. तालुक्याच्या दवाखान्यात धनुर्वात सांगितला. गुरुवार दि. १३ रोजी ती वारली. काय लागले होते असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा पाटील म्हणाले, "बाभळीचा काटा मोडला." कागदावर तेच आले. ते शिकलेले आहेत, मी अंगठेवाली. मला कोणी विचारले नाही.

उकिरड्यात काय टाकावे हे आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. शेण, राख, केर, गव्हाणीतला उरला कडबा, भाजीची देठे उकिरड्यात. फुटक्या काचा, बांगड्या, खिळे गाडग्यात साठवून भंगारवाल्याला. पाटलांच्या गोठ्याच्या वळचणीलाही तसे गाडगे होते, मी ते कित्येक वर्षे बघत आले. दि. १७ रोजी बघितले तर रिकामे. मी पाटलांची बायको बनुबाई हिला विचारले. ती म्हणाली, "आमच्या पोरीला बघाया पाव्हनं यायचं हुतं. फुटकी काच घरात बरी न्हाई. टाकली उकिरड्यात अन् वर राख लोटली. तुमी लगीच उपसनार हे मला काय ठावं, मनकर्णे?" एवढे बोलून ती रडली. तिचे रडणे बघून मला राग आला व तो अजून आहे.

त्यानंतर तीन दिवस मी उरलेला उकिरडा हाताने निवडला. शेण-राख एकीकडे, काचा पाटीत. पाटील ओट्यावरून म्हणाले, "आता हुडकून पोरगी येनार हाय का?" मी म्हणाले, "न्हाई येनार. तुमचा काटा घावतो का बघते." बाभळीचा काटा एकही सापडला नाही. काचांनी अर्धी पाटी भरली.

शुक्रवार दि. २१ रोजी पाटलांच्या मुलीचा साखरपुडा होता. सकाळी दहाचे सुमारास पाहुण्यांदेखत मी ती पाटी त्यांच्या उंबऱ्याबाहेर ओतली. कोणाच्या पायात जाऊ नये म्हणून आधी सगळ्यांना मागे सरा म्हणाले. पाटील म्हणाले, "अगं, आज तरी नको. लगनाचं घर हाय हे." मी म्हणाले, "तुमची चीज तुमच्या दारात आनली. भंगारवाल्याला द्या." अर्जात शिव्या लिहिल्या आहेत त्या मी दिलेल्या नाहीत. मनात लई होत्या. अपशकुन करण्याचा हेतू होता काय असे विचारल्यावरून सांगते की, होता.

सदर काचा पंचांसमक्ष फडक्यात बांधून ठाण्यात आणल्या आहेत, त्या मी पाहिल्या. त्याच आहेत. मला दवाखान्याचा कागद बदलून पाहिजे. काटा नव्हे, काच, एवढेच लिहून पाहिजे. तो कागद इथे बदलत नाही असे हवालदारसाहेबांनी सांगितले. अर्ज निकाली निघाल्यावर काचा टाकून देऊ, असेही सांगितले. मी विचारले, कुठे? त्यांनी खिडकीतून ठाण्यामागचा केराचा ढीग दाखवला. तो ढीग कोण उपसते असे मी विचारले. ते म्हणाले, "लावतो कामाला कुनी बाई." हे जबाबात घ्यावे म्हणून मी जागेवरून उठले नाही, म्हणून घेतले आहे.

लिहिलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले, ते मी सांगितले तसेच आहे. काच हा शब्द पुन्हा एकदा वाचायला लावला. बरोबर आहे.

निशाणी डावा अंगठा, मनकर्णा भ्रतार आसाराम खरात