दोन बोटांचा घास

दवाखान्याच्या बाकावर सुलभा नंबराची वाट पाहत होती. आतून बाहेर आलेले भगवंतराव तिच्या शेजारी बसलेल्या आपल्या बायकोजवळ टेकले. त्या दोघांचं बोलणं सुलभाच्या कानावर पडू लागलं.

“काय म्हणे डॉक्टर?”

“गेल्या साली खराब हाड काढून पायाचं हाड जबड्यात बसवलं, ते पक्कं हाय. पण कानापुढचा सांधा सरकला. तोंड आता दोन बोटंच उघडीन.”

“मंग भाकर?”

“नाही.”

“जाऊ द्या. खिचडी गोड लागते आपल्याले.”

“तुह्या जबड्याले काय झालं? वरीसभर तू काऊन खिचडी खाऊन राह्यली?”

“तुमच्यासमोर भाकर कशी खाऊ?”

“समोरच खाय. वावरात कांदा असा करकर चावे तू, धुऱ्यापलीकडं शेजाऱ्यालेबी आयकू ये. त्या आवाजाले तरसलो वं मी.”

“इथं कांदा कुठं? पिशवीत काकडी हाय.”

“काकडीबी चालीन. जरा कानापाशी सरकून खाय.”