छत्रीचा दांडा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याने घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधलं होतं.

"अहो, रविवारी उडवणार खरे, पण वेग कमी झाला की ते पडतं म्हणे?"

"पंखांना पेलवत नाही मग. इतर विमानं आधी थरथरून इशारा तरी देतात, माझं वेगाचं विमान तेही करणार नाही. एकदम नाक खाली."

"मग तो चालवायचा दांडा ओढून वर घ्यायचं."

"तिथेच तर माणसं मरतात! दांडा पुढे ढकलून नाक खाली दाबायचं. वेग आला की मग हळूच वर."

"पडताना आणखी खाली?"

"हो. पाठ आहे मला."

"ही छत्री धरा बरं. हा तुमचा दांडा. आता आरामात बसा... पडलं, पडलं!"

"आई गं!"

"बघा, छातीशी ओढलीत."

"तू दचकवलंस म्हणून!"

"आणि ते काय सांगून पडणार आहे? धरा परत."