मायचा बंद फ्रिज

अरे, फ्रिजवरून आठवलं. मागच्या उन्हाळ्यात मोताळ्यात आमच्या गल्लीत ई-कचऱ्याची गाडी आली. आमचा फ्रिज पाच वर्षांपासून बंद. माय बाजारात गेलती, तं मी उचलून देऊन टाकला. गाडीवाल्यानं माहा फोटोबी काढला.

माय आली. "फ्रिज कुठी हाय बे?"

"कचऱ्यात देला. बंदच होता न!"

"अन् आतल्या वर्षभराच्या कुरडया?"

मंग काय, मायले मोटरसायकलवर बसवलं अन् पिंपळगाव राजा गावाले कचऱ्याची गाडी गाठली.

गाडीवाला म्हणे, "काकू, कुरडया घेऊन जा. फ्रिज राहू द्या, बंदच हाय."

माय फ्रिजले धरून उभी राह्यली. म्हणे, "फ्रिज बंद असन. कपाट चालू हाय!"