वीतभर जास्त

(दोन घरं, मध्ये हातभर बोळ. एका घराच्या गच्चीवर उंच बांबू उभे, त्यांना ताणलेली सुतळी, सुतळीला लाल कापडाच्या पट्ट्या. सिस्टर खुर्चीत. बांबूवाला शिडीवर.)

बांबूवाला : ...कललाय खरा. काल वारा होता ना. पण मावशी, एवढं तरी सांगा, तुम्हाला खोली बांधायचीये की नाही? चौथी वेळ ही. तुम्ही अर्ज करता, मी बांबू उभे करतो, लोकांना दिसावं की खोली कुठवर येणार म्हणून पट्ट्या लावतो. आणि सुनावणीची तारीख आली की तुम्ही अर्ज मागे घेता.

सिस्टर : तुला मजुरी मिळते ना?

बांबूवाला : मजुरीचं नाही हो. माणसाला वाटतं, आपण बांबू लावले त्यांच्या जागी कधी भिंत दिसावी. दुसरीकडे वर्षभराने गेलं तर खिडकीतून पोरं हात हलवतात. तुमच्याकडे नुसते कावळे बसतात.

सिस्टर : बसू दे. त्यांनाही कोणीतरी हवंच. तो कोपऱ्यातला नीट सरळ कर. मास्तरांच्या खिडकीच्या बरोबर समोर आला पाहिजे.

बांबूवाला : आलाय. त्यांनी खिडकी उघडली तर बांबूला हात लागेल.

सिस्टर : आणि उंची?

बांबूवाला : हद्दीला टेकवलीये. बोटभर वर नाही.

सिस्टर : नकोच वर. वर गेल्याचं फळ भोगलंय या घराने. आता सगळं कायद्यात. कायद्यात राहून माणसाचा जीव किती घेता येतो, ते मला बघायचंय.

बांबूवाला : आई शप्पथ. तुम्ही नर्स होतात ना हो?

सिस्टर : जन्मभर. म्हणून तर ठाऊक आहे, शीर कुठे असते.

बांबूवाला : पण या बांबूंचा मास्तरांना त्रास तो काय? ऊन येतं, वारा येतो. आरपार दिसतं.

सिस्टर : त्यांना घर विकायचंय. गिऱ्हाईक येतं, खालच्या खोल्या बघतं, नळ सोडून बघतं, खूश होतं. मग वर त्या खिडकीशी येतं. समोर लाल पट्ट्या. हे काय म्हणून विचारतं. मास्तर खोटं बोलत नाहीत, तेवढा एक गुण आहे. सांगतात, इथे भिंत येणार. झालं! परवा एक दातांचा डॉक्टर आला होता, बायकोला घेऊन. बाईने पडद्याचं माप घ्यायला सुरुवात केली होती. मग तिने बाहेर बघितलं. तिचा चेहरा असा उतरला की काय सांगू! मी इथूनच बघत होते. खुर्ची टाकून.

बांबूवाला : सिनेमाच की.

सिस्टर : सिनेमाला तिकीट पडतं.

बांबूवाला : पण हे किती दिवस चालणार? कोणी हरकत घेतली नाही तर तुम्हाला सरळ परवानगी मिळेल. मग बांबू काढावेच लागतात. नियम आहे.

सिस्टर : हरकत येते. दर वेळी येते.

बांबूवाला : कोणाची?

सिस्टर : मास्तरांचीच.

बांबूवाला : थांबा हं, मी एक पायरी खाली येतो. ते हरकत घेतात म्हणून प्रकरण लांबतं. लांबतं म्हणून बांबू राहतात. बांबू राहतात म्हणून त्यांचं घर विकलं जात नाही. म्हणजे आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा?

सिस्टर : धोंडा त्यांचाच. पाय कुठे ठेवायचा, तेवढं मी दाखवते. पोरांना गणित शिकवण्यात जन्म गेला, पण हे गणित सुटत नाही. कारण माझं नाव दिसलं की हात शिवशिवतात. हरकत घेतल्याशिवाय त्या माणसाला घास उतरत नाही. त्यांच्या स्वभावावर माझा भरवसा आहे. या बांबूंवर नसेल तेवढा.

बांबूवाला : एवढं काय केलं होतं हो त्यांनी?

सिस्टर : तू उभा आहेस ना, तिथे माझ्या मुलाची खोली होती. एकुलता एक मुलगा. लग्न ठरलं म्हणून वर चढवली. स्लॅब टाकून झाला, रंगाचे डबे आणून ठेवले. आणि मास्तर कचेरीत गेले. म्हणे, उंची हद्दीपेक्षा जास्त आहे. साहेब आले, टेप लावला, निघाली. किती? वीतभर. वीतभर रे! तेवढ्यात चिमणीचं घरटं होत नाही.

बांबूवाला : मग तेवढी उतरवायची. स्लॅब फोडून पुन्हा टाकायचा. कटकटीचं काम, पण होतं.

सिस्टर : मीही तेच म्हटलं. पण पोराचं मन उडालं. असल्या शेजारात मला राहायचंच नाही म्हणाला, सगळी पाडा. बदली मागून घेतली, लग्न झालं तशी बायकोला घेऊन गेला, तो गेलाच. नातीचे दात आले, दात पडले, मी सगळं फोनवर बघितलं.

बांबूवाला : अरेरे.

सिस्टर : तुझं अरेरे तुझ्याजवळ ठेव. गाठ पक्की मार.

बांबूवाला : मावशी, हळू. खिडकी उघडली.

सिस्टर : उघडू दे. खिडकी त्यांची आहे. समोरचा देखावा तेवढा माझा.

मास्तर : नमस्कार, सिस्टर.

सिस्टर : काय रे, आवाज कोणाचा आला? कावळा का?

मास्तर : कावळा नाही. मीच. बोळ हातभर आहे, मी सगळं ऐकलं. एक सांगायला उभा आहे. आज हरकत घेण्याचा शेवटचा दिवस.

सिस्टर : मग निघा की. छत्री घ्या, ऊन आहे.

मास्तर : मी जाणार नाही.

सिस्टर : काय?

मास्तर : तुम्ही आत्ता याला समजावलंत ते गणित मला परवा सुटलं. तो डॉक्टर जिना उतरत होता तेव्हा. उशीर झाला, मान्य आहे. पण सुटलं. मी हरकत घेतली नाही की तुम्हाला परवानगी मिळते आणि बांबू उतरतात. तुम्ही अर्ज मागे घेऊन पुन्हा केलात, तर मी पुन्हा गप्प बसेन. तेव्हा खुशाल बांधा. माझी हरकत नाही.

बांबूवाला : मावशी, हे तर...

सिस्टर : तू गप्प बस.

बांबूवाला : गप्पच आहे. शिडीवर आहे, मला काही ऐकू येत नाही.

सिस्टर : बांधा म्हणता? बांधते! ऐकलंस का रे, जाताना मिस्त्रीला निरोप दे. बांबूंतून निदान आरपार दिसत होतं. आता विटा. खिडकी उघडली की मास्तरांचं नाक आपटलं पाहिजे. मग दाखवा गिऱ्हाइकांना घर, भर दुपारी दिवा लावून.

मास्तर : एवढा राग?

सिस्टर : एवढाच नाही. अजून आहे. संपला की कळवीन.

मास्तर : सिस्टर, हिला मी मुलीकडे नेऊन ठेवलंय. हिला जिना चढवत नाही. घर विकलं जाईपर्यंत मला इथून हलता येत नाही आणि ती रोज विचारते, कधी येताय. तिच्याकडे फार दिवस नाहीत.

सिस्टर : वहिनींना काय झालं?

मास्तर : तुम्ही विचारताय? रोज सकाळी तिला इंजेक्शन द्यायला तुम्ही यायचात. खोली पाडली त्या दिवसापासून आला नाहीत. ती बाही वर करून बसायची, दाराकडे बघत. मला म्हणायची, सिस्टर तुमच्यावर राग धरतील, माझ्यावर नाही धरणार.

सिस्टर : धरला.

मास्तर : हो. मग मीच शिकलो सुई टोचायला. तिचा दंड काळानिळा केला आणि ती म्हणायची, दुखत नाही. तेव्हापासून तुमच्या नावाचा कागद दिसला की मी हरकत घेतली. न वाचता घेतली. खोटं कशाला बोलू?

सिस्टर : चला, म्हणजे फिटंफाट झाली.

मास्तर : नाही झाली. फिटंफाट व्हायला सुरुवात माझ्याकडून व्हायला हवी होती.

सिस्टर : मग कोणाकडून झाली? कचेरीत काय मी गेले होते?

मास्तर : ती वीत कोणी वाढवली, सिस्टर?

सिस्टर : मिस्त्री चुकला.

मास्तर : मिस्त्रीच्या उरावर उभं कोण राहायचं? तुम्ही तर वॉर्डात असायचात.

सिस्टर : मुलगा राहायचा. मग? त्याचं घर, त्याने बघू नये?

मास्तर : आणि मला कसं कळलं, वीतभरच जास्त आहे ते? मी काही तुमच्या घराला शिडी लावली नव्हती.

सिस्टर : तुम्ही बसल्या जागी आभाळ मोजाल.

मास्तर : तो आला होता माझ्याकडे. मागच्या दाराने. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा. वीत सोडा, गणितात बोटभर कधी चुकला नाही. म्हणाला, सर, विटांचे दोन थर मीच वाढवायला लावलेत. तुम्ही हरकत घ्या.

सिस्टर : खोटं.

मास्तर : म्हणाला, आईला नाही म्हणायची मला सवयच नाही. पडदे तिने निवडले. पलंग कुठल्या भिंतीला लावायचा ते तिने ठरवलं. पाळण्यासाठी छताला कडीसुद्धा बसवून घेतलीये आणि लग्न अजून व्हायचंय. सर, मी या खोलीत गेलो तर बाहेर येणार नाही.

सिस्टर : जीभ झडेल, मास्तर!

मास्तर : झडू द्या. तुला कधी उघडं पाडणार नाही असं त्याला वचन दिलं होतं, म्हणून आठ वर्षं तोंड शिवलं. आज मुद्दाम उसवतोय. तुम्हाला लागावं म्हणूनच.

सिस्टर : आणि तुम्ही निघालात कचेरीत? चार शब्द सांगायचे होते पोराला. त्याच्या बापाच्या वयाचे तुम्ही.

मास्तर : सांगायला हवे होते. पण तुमची खोली झाली असती तर हिच्या खोलीतलं ऊन गेलं असतं. त्याची सोय झाली, माझीही झाली. मी संत नाही.

बांबूवाला : मावशी, मी उतरू का?

सिस्टर : मी म्हटलं होतं त्याला. वीतभरच उतरवू, मी रजा काढते, स्वतः उभी राहून करून घेते. नको म्हणाला. पाडायचीच. घण हातात घेऊन पहिला घाव त्यानेच घातला. मला वाटलं, केवढा संताप आलाय माझ्या लेकराला. मी त्याला पाणी नेऊन दिलं.

मास्तर : बघितलं मी.

सिस्टर : तुम्ही खिडकीत होतात तेव्हा?

मास्तर : होतो.

सिस्टर : हसत होता का हो तो?

मास्तर : नाही. तोंड इकडे होतं त्याचं. रडत होता.

बांबूवाला : मावशी, पाणी आणू का तुम्हाला?

सिस्टर : नको. हे सगळं उतरव.

बांबूवाला : आत्ता? आणि मिस्त्रीला निरोप?

सिस्टर : कसला निरोप? कोण राहणार आहे वर?

मास्तर : सिस्टर, मी बोलायला नको होतं.

सिस्टर : बोलायचंच होतं तुम्हाला. लागावं म्हणून बोललात, लागलं. आता फुंकर घालू नका. वहिनींना इंजेक्शन तेच चालू आहे?

मास्तर : तेच. मुलगी देते.

सिस्टर : रोज एकाच जागी देऊ नको म्हणावं. गाठी होतात. आज उजवीकडे, उद्या डावीकडे. आणि टोचल्यावर चोळायचं नाही.

मास्तर : सांगतो. तुमच्या मुलाशी बोलणार असाल, तर मी सांगितलं म्हणून सांगा. वचन मोडलंय ते मीच.

सिस्टर : त्याला काही सांगायचं नाही. मला कळलंय हे त्याला कळता कामा नये.

मास्तर : विचारणारसुद्धा नाही?

सिस्टर : विचारून काय करू? दर रविवारी फोन करतो. तब्येत, पाऊसपाणी, दोन मिनिटांत संपतं. मग तो विचारतो, मास्तर काय म्हणतायत? मी सुरू होते. तो हूं हूं करत ऐकतो. अर्धा तास निघतो त्यात. तुमच्याशिवाय बोलायला आम्हाला दुसरं काही नाही, मास्तर.

मास्तर : मग आता?

सिस्टर : उद्या रविवार. मी इथेच बसून बोलते, आवाज मोठा आहे माझा. शिव्या ऐकू येतील. मनावर घेऊ नका.