साखळीतला हात

(इस्लामपूरजवळच्या एका गावात विश्वजीतच्या घराची ओसरी. त्याचा उजवा हात खांद्यापासून बांधलेला. समोर गावच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार जोतिबा आबा. शेजारी कागद-पेन घेऊन संघातलाच वीरधवल.)

विश्वजीत : लिवायला हाच घावला व्हय आबा? गावात दुसरी मानसं मेली का काय?

जोतिबा : तुझा हात बांधल्याला. माझं अक्षर माझं मला लागत न्हाई. ह्याचं बरं हाय. आता टाइम घालवू नगंस, उद्याच्याला दुखापतीचा रिपोर्ट तालुक्याला पोचला पायजे. लिही रं वीरधवल. ‘आम्ही संघाचे सातही खेळाडू एकमुखाने कळवतो...’

विश्वजीत : एकमुखानं? माझं तोंड कवा इचारलंत तुमी?

जोतिबा : तेच इचाराय आलोय न्हवं?

विश्वजीत : इचाराय न्हाई आला. सही घ्याय आलायसा. बाकीच्यांनी काय सांगितलं?

वीरधवल : बाकीच्यांच्या सह्या झाल्यात. माझीपण.

विश्वजीत : कशावर? आजून तर एक वळ लिवली न्हाईस तू.

वीरधवल : कोऱ्या फॉर्मवर केल्यात. आबा म्हणाले, मजकूर नंतर घालू.

विश्वजीत : वा! काय लिवणार ठाव न्हाई आन् खाली सह्या करून मोकळी झाली पोरं!

जोतिबा : ह्याला एकी म्हंत्यात गड्या. सेक्शन म्हंजे तुकडी एका आवाजात बोलती. फौजेत बावीस वर्सं तेच केलं मी.

विश्वजीत : फौजेत धरल्याला हात सोडत्यात का आबा?

जोतिबा : ...पुढं लिही रं. दुखापत कशानं झाली, त्याचे तीन रकाने हायत. मैदानाचा दोष. स्वसंघाची चूक. प्रतिस्पर्ध्याचा दांडगावा. तिसऱ्यावर खूण कर.

विश्वजीत : थांब. पेन खाली ठेव. औंधच्या धुळानं काय दांडगावा केला, त्ये मला आधी सांगा.

जोतिबा : आंगावर आला न्हवं त्यो तुझ्या?

विश्वजीत : चढाईला आल्याला गडी आंगावर न्हाई येनार तर काय हळदीकुकवाला येनार? औंधच्या मैदानात दोन गावची मानसं बघत हुती. त्यो नियमानं खेळला.

जोतिबा : पंचानं काय बघितलं न्हाई. त्यो रेषेकडं बघत हुता. आपुन सात जण जे सांगू त्येच खरं धरत्यात. दांडगावा लिवला की धुळा वर्सभर भाईर आन् सामना पुन्यांदा. दोन गुणांनी हरलोय आपुन. दोनच!

विश्वजीत : म्हंजे माझा खांदा मोडून तुमाला दोन गुण पायजेत.

वीरधवल : विश्वा, तसं नाही रे. संघाचा विचार...

विश्वजीत : तू संघाचं नाव काढू नगंस! थोबाडीत दीन, डावा हात हाय मला आजून.

जोतिबा : ए! शांत. शांत बस.

विश्वजीत : पडल्याव मला कुनी उचललं आबा? जीपपातूर कुनी नेलं? धुळानं. दवाखान्यात एक्सरे हुईस्तवर भाईर बाकड्यावर बसल्याला, आंगाची माती तशीच. आन् ह्यो कुठं हुता इचारा ह्याला.

वीरधवल : मी पंचांशी बोलत होतो.

विश्वजीत : काय बोलत हुतास?

वीरधवल : ...सामना थांबवा म्हणून.

विश्वजीत : खोटं. बूट घालत हुता आबा. मला जीपमधनं दिसत हुता. आरामात बसून बुटाच्या नाड्या बांधत हुता.

जोतिबा : जाऊ दे आता ते.

विश्वजीत : न्हाई जाऊ देत. साखळी कशाला लावायची, तुमीच शिकिवलंय आमाला. दोघांनी एकमेकाचा हात धरायचा, मधी आल्याला गडी अडवायचा. भार दोघांत वाटून जातो. एकानं सोडलं तर?

जोतिबा : सगळा भार दुसऱ्याव.

विश्वजीत : आन् दुसरा कोन हुता?

जोतिबा : घाम हुता रं विश्वा. हात घसरला आसंल.

विश्वजीत : घसरल्याला हात कळतो आबा. बोटं शेवटपातूर धराय बघत्यात. ह्यानं बोटं उघडली. मला कळलं. ह्यालाबी ठाव हाय.

जोतिबा : बोल की रं! दगडासारखा काय बसलायस?

वीरधवल : काय बोलू? भरती आहे पुढच्या महिन्यात, तुम्हाला माहीत आहे. धुळा सुसाट येताना दिसला. वाटलं, मनगट गेलं तर सगळंच गेलं. विचार नाही केला आबा. आपोआप झालं.

विश्वजीत : भरती मलाबी हुती. दोघं बरुबर पळत हुतो की पहाटेचं, कालव्याच्या कडंनं. तुला आजून दोन वर्सं हायत. माझं वय हितंच संपतंय. माझी शेवटची हुती, आन् तुला त्येबी ठाव हुतं.

वीरधवल : होतं.

विश्वजीत : ठाव हुतं म्हनून जास्त राग येतोय. अनोळखी मानसानं सोडला आसता तर मी इसरलो आसतो.

जोतिबा : बरं. ऐक माझं. झालं ते वंगाळ झालं. पर घरातलं घरात ठेवू. कागदाव धुळाचं नाव जाऊ दे. परका गडी हाय, त्याचं काय जातंय?

विश्वजीत : वरीस जातंय. त्योबी भरतीचाच हाय. बाकड्याव बसल्या बसल्या सांगत हुता मला, खेळाचं सर्टिफिकेट मिळालं तर बरं हुईल म्हनून. ह्यानं माझं वरीस खाल्लं, आता आपुन सात जणांनी मिळून त्याचं खायाचं?

जोतिबा : मग काय, ह्याचं नाव घालतूस? घाल. ह्याला दोन वर्सं बंदी लावत्यात, मग सर्टिफिकेट न्हाई, काय न्हाई. संघ फुटतोय. गावात तोंड दाखवाय जागा राहात न्हाई. करायचंय तसं?

वीरधवल : घाला आबा.

जोतिबा : तू गप.

वीरधवल : नाही, घालाच. मीच लिहितो. तीन रात्री झोप नाही मला. ‘वीरधवलने हात सोडला.’ लिहू? लिहितो. होऊ दे एकदाचं मोकळं.

विश्वजीत : न्हाई.

वीरधवल : अरे, तुला तेच पाहिजे होतं ना?

विश्वजीत : काल पातूर पायजे हुतं. आता तू ‘मोकळं’ म्हनालास, तवा नगं वाटतंय. तुझं नाव घातलं की तू दोन वर्सं घरी बसनार, आन् तिसऱ्या वर्सी म्हननार, भोगलं मी, फिटलं. फिटायचं न्हाई हे. तुला मी मोकळा करनार न्हाई.

जोतिबा : मग लिवायचं तरी काय? धुळा न्हाई, ह्यो न्हाई!

विश्वजीत : दुसरा रकाना. स्वसंघाची चूक. मजकूर मी सांगतो, तू लिही. ‘आम्ही साखळी लावली होती. ती आमच्याकडून सुटली. औंधच्या गड्याचा दोष नाही.’ लिवलंस?

वीरधवल : ‘आमच्याकडून’?

विश्वजीत : व्हय. आमच्याकडनं. तू बोटं उघडलीस. आबांनी घामाव घातलं. पोरांनी न वाचता सह्या केल्या. मी तीन दिस गप पडून हुतो, खरं काय त्ये कुनी सांगतंय का बघत. सगळ्यांनी सोडलंय.

जोतिबा : सामना गेला की रं मग आपला!

विश्वजीत : सामना औंधातच गेला आबा. तवाच.

जोतिबा : आन् ह्याला एकी म्हनायची?

विश्वजीत : मला ठाव न्हाई काय म्हनायचं. ह्याच्या शेजारी मी परत उभा ऱ्हानार न्हाई. ह्याच्या लग्नाला जानार न्हाई. वाटंत दिसला तर बोलनार न्हाई. पर सात सह्या हुनार खाली, तर वरचं सातांचं पायजे. वाच बघू एकदा.

वीरधवल : ‘आम्ही साखळी लावली होती. ती आमच्याकडून सुटली. औंधच्या गड्याचा दोष नाही.’

जोतिबा : ...माझीबी सही घे खाली. प्रशिक्षक म्हनून. चष्मा न्हाई, जागा दाखीव.

वीरधवल : इथं आबा. ...विश्वा, तुझी तेवढी राहिली.

विश्वजीत : डाव्या हातानं येत न्हाई सही. अंगठा लावतो. शाई आन हिकडं. आन् कागद सपाट धर.

वीरधवल : धरलाय.

विश्वजीत : हलतोय. नीट धर. ह्यो तरी सोडू नगंस.