समोरच्या दुकानातलं चाक

— नाही नाही, काकू, त्या हिरव्या खुणेवरून डायल हलवा आधी. हलवा, मोडत नाही, डेमोचा कॅमेरा आहे, सहा महिने मीच पिळतेय त्याला. हिरवं म्हणजे ऑटो. आणि ऑटोवरच फोटो काढायचा असेल तर तुमच्या पर्समधला फोन काय वाईट आहे? हळू बोलते हं — मामा जेवायला गेलाय, पण त्याचे कान फार लांबपर्यंत पोचतात. दुकान त्याचं. त्याचं म्हणणं, गिऱ्हाइकाला ऑटो दाखवायचा, पट्टा गळ्यात अडकवायचा आणि दार उघडून धरायचं. तू इथे कॉलेज उघडू नकोस. पण मला ते जमत नाही. माणूस एवढं यंत्र घरी नेणार आणि त्यातलं एक बटण सोडून बाकीच्यांना जन्मभर घाबरून राहणार — अन्याय आहे हा! कुणावर? दोघांवर. माणसावर आणि कॅमेऱ्यावर.

बरं, तुमची नात रविवारी शर्यतीत पोहणार. मागच्या शर्यतीत काढलेत ना फोटो? आणि काय आलं? थांबा, मीच सांगते — पांढरा फेस, आणि फेसात एक टोपी. बघा! अहो, मला काही भविष्य कळत नाही, ऑटोवर तेच येतं. छताखालचा तलाव, उजेड कमी, कॅमेरा बिचारा पडदा जरा जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि तेवढ्यात पोरगी हातभर पुढे गेलेली असते. म्हणून हे बघा, इथे — एस. एसवर वेळ तुम्ही ठरवायची. पडदा किती वेळ उघडा राहील ते तुम्ही सांगायचं, मग आतलं भोक किती मोठं करायचं, म्हणजे ॲपर्चर हो, ते कॅमेरा बघून घेतो. आणि त्याच्या शेजारी ए. एवर उलटं — भोक तुम्ही ठरवायचं, वेळ तो सांभाळणार. संसारच आहे की हा! एकानं एक ठरवायचं, दुसऱ्यानं त्याप्रमाणे जुळवून घ्यायचं. आणि ऑटो म्हणजे? ऑटो म्हणजे दोन्ही निर्णय सासूबाईंनी घ्यायचे. — हसलात! मामाला सांगू नका, मामीनं एकदा ऐकलं तर दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी, म्हणजे माझ्याशी नाही, त्याच्याशी.

आता समोर बघा. काचेतून. गल्लीपलीकडे सायकलचं दुकान दिसतंय ना, आणि त्याच्या दारात स्टँडवर अडकवलेलं ते चाक? फिरतंय बघा. नशीबच थोर माझं, काकू — मला जेव्हा जेव्हा काहीतरी पळतं-फिरतं दाखवायचं असतं ना, तेव्हा समोर नेमकं चाक फिरत असतं. मामानं या कामासाठी छोटा पंखा आणून ठेवलाय, अजून खोक्यातून बाहेर काढला नाही मी. घ्या, वेळ घ्या हजार — म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तो आकडा लुकलुकतोय, दिसला? कॅमेरा म्हणतोय, भोक होतं तेवढं उघडलं, बाई, याच्यापुढे माझ्याच्यानं होत नाही. त्याचं ऐकायचं. पाचशेवर या. आणि हे आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद हो, थोडं वाढवते, फोटो जरा दाणेदार होईल, पण तलावावरही तुम्हाला हेच करावं लागणार. दाबा आता. — बघा! तारा मोजा, तारा! चाक जणू थांबलंय. तुमची नात अशी येईल, पाण्याचा एकेक थेंब वेगळा. आता हेच पंधरावर. कोपर काउंटरवर टेका, श्वास धरा — दाबा. गेल्या तारा! चाकाची नुसती चकती झाली, धुक्याची. तेच चाक, तेच दुकान, तेच हात — काय खरं आणि काय खोटं? दोन्ही खरं. हे मी कॉलेजात असं सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, इथे मामा जांभई देतो.

कोण? हात कुणाचे? ते त्या सायकलवाल्याचे. त्याचा काय संबंध, चाक महत्त्वाचं. चाक डुगडुगायला लागलं की एकेक तार आवळून सैल करून सरळ करायचं, त्याला आउट काढणं म्हणतात — मला कसं माहीत? माझी सायकल नेली होती एकदा. दोनदा. पाच वेळा नेली असेल, जुनी सायकल आहे हो, काहीतरी निघतच असतं! मी त्याला मौनीबाबा म्हणते. तोंडावर नाही. अहो, बोलतच नाही माणूस. मी त्याच्यासमोर हातानं काम करणाऱ्यांचा सन्मान या विषयावर वीस मिनिटं बोलले — उभ्यानं, मनापासून — आणि वीस मिनिटांनी तो काय म्हणाला? "मागचा ब्रेक घट्ट केलाय." बस. गल्लीत सायकलींना बंदी करणार होते तेव्हा मी सह्या गोळा करत फिरले, सगळ्यांनी प्रश्न विचारले, फाटे फोडले, यानं हात पुसले, सही केली, पेन परत दिलं. टोपण लावून. — मी टोपणाचं का सांगतेय? काही नाही. कुणी लावत नाही म्हणून सांगितलं.

आणि आता सांगूनच टाकते, नाहीतर फुटेन मी: तुम्ही माझं शेवटचं गिऱ्हाईक आहात, काकू! उद्या सकाळी माझी बस. वर्तमानपत्रात लागले मी — फोटो विभागात, सहायक म्हणून, पण कॅमेरा हातात, रस्त्यावर, मोर्चे, आगी, पूर, खेळ, सगळं! तीन महिने फोटो पाठवत होते, शेवटी त्यांनाच कंटाळा आला असेल. परवा पत्र आलं, तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. आईला उचलून गोल फिरवलं मी, ती ओरडत होती, अगं कंबर, अगं कंबर. मामाला सांगितलं तर म्हणाला, आता त्या लोकांना शिकव, मला सोड. आणि — समोर पण सांगितलं. सहजच. शेजारधर्म. रस्ता ओलांडून गेले आणि म्हटलं, मी चालले, नोकरी लागली, शहर बदलणार. तर म्हणाला, "चांगलं आहे." आणि वळून चाक फिरवायला लागला! चांगलं आहे! चांगलं आहेच, मला माहीत आहे चांगलं आहे, ते सांगायला मला सायकलवाला कशाला हवा? एखादा प्रश्न विचारावा माणसानं — कुठे, कधी, कशी जाणार. दगडाला सांगितलं असतं तर त्याला तरी घाम फुटला असता. जाऊ दे. बरंच झालं. मन कसं स्वच्छ राहिलं. आपण ए बघू.

एवर हे भोकाचे आकडे. इथे एक गंमत आहे — आकडा लहान तर भोक मोठं, आकडा मोठा तर भोक बारीक. हे उलटं कुणी ठरवलं कोण जाणे, पाठ करायचं आणि पुढे जायचं. ही चिनीमातीची घुबडीण घ्या, मामाची लाडकी, पुढ्यात ठेवते. लहान आकडा: घुबडीण स्पष्ट, मागची गल्ली सगळी पुसट, मऊ. नात बक्षीस घेऊन उभी राहिली की हे वापरा, मागचे लोक गायब. आता मोठा आकडा, बावीस. घुबडीण जरा लांब सरकवते, आणि कॅमेरा या तिपाईवर ठेवू, कारण भोक सुईएवढं झालं की कॅमेरा वेळ वाढवणार — किती दाखवतोय? आयएसओ खाली आणला मी, म्हणून पूर्ण एक सेकंद. हातात धरून सेकंदभर कुणीही डळमळेल. दाबा आणि हात काढून घ्या. एक — झालं. बघा आता जादू! घुबडीणही आहे आणि गल्लीपण आहे, पुढचं-मागचं सगळं. पण माणसं? माणसं कुठायत? धूर! ती पिशवीवाली बाई — धूर. तो स्कूटरवाला — एक लाल रेघ. ती शाळेची पोरं — नुसता पांढरा फराटा. सेकंदात जो हलला तो गेला. हे दाखवलं की गिऱ्हाईक वेडं होतं, माझा हुकमी एक्का आहे हा, मी रोज —

काय? कोण नाही हलला?

कुठे? अहो, ते — हो. तो आहे खरा. स्पष्ट आहे. नाक-डोळे दिसतायत. अख्खी गल्ली वाहून गेली आणि हा खांबासारखा उभा. स्टँडवर एक हात, चाकाची चकती झालीये, आणि हा — इकडे बघतोय? छे. आमच्याकडे भिंतीवर घड्याळ आहे, ते बघत असेल. काकू, त्याच्या मनगटावर घड्याळ आहे हे तुम्हाला एवढ्याशा पडद्यावर कसं दिसलं? मोठं करू? करते. — आहे.

थांबा हं. या कार्डावर जुने पण आहेत, मी पुसत नाही. हा गेल्या आठवड्यातला, एका सरांना दाखवलेला. धूर, धूर, रेघ — आणि तो. इकडे बघत. हा दोन आठवड्यांपूर्वीचा. तो. हा त्याच्या आधीच्या महिन्यातला, त्या दिवशी मी केस कापून आले होते — तो. काकू, मी हे फोटो शंभर लोकांना दाखवलेत. बोट ठेवून दाखवलेत. पण बोट कशावर? धुरावर! बघा काय पुसलं गेलं, बघा काय पुसलं गेलं — आणि जे राहिलं त्याच्याकडे मी एकदा, एकदासुद्धा — पदवीधर आहे म्हणे मी!

नाही, पण घाईनं काही म्हणायला नको. माणूस कामाला उभा आहे, समोर तोंड करून उभा आहे, समोर आमचं दुकान आहे, त्यात त्याचा काय दोष? चाकाचं काम करतोय तो. कुणाचं चाक म्हणजे? गिऱ्हाइकाचं असेल, आणखी कुणाचं? सायकल कुठाय ते मला काय — मला काय माहीत. नाही, सकाळपासून सायकल दिसली नाही तिथे. चाकाला टायरपण नाही. थांबा. पाचशेवरचे जुने बघू, त्यांत तारा दिसतात. टायर नाही. यातही नाही. आणि ती एक तार बघा, निळी, बाकीच्या रुपेरी आणि ती एकच निळी — यात आहे. यात आहे. यातही! तेच चाक! सहा महिने एकाच चाकाचा आउट काढतोय तो? एवढ्यात तर माणूस स्वतः सरळ होईल!

काय म्हणालात? मी कॅमेरा खाली ठेवला की चाकाचं काय होतं? काही नाही होत. काय होणार? तुम्ही काहीतरीच — बरं, धरा तुम्हीच. उचला, डोळ्याला लावा. मी त्या कपाटाआडून बघते.

फिरलं.

खाली करा. थांबलं! अहो, हातानं थांबवलं त्यानं. पुन्हा वर. फिरलं! खाली. थांबलं! वर — अगं बाई, फिरलं, फिरलं! माझं नशीब थोर म्हणे! नशीब कसलं, नशीब तिथे उभं राहून फिरवतंय! जेवणाच्या वेळेला, ऐन कामाच्या वेळेला, मामानं तो मेला पंखा आणला त्या दिवशीसुद्धा — एका शब्दानं बोलला नाही. आणि काल "चांगलं आहे" म्हणून वळला तेव्हा मी त्याचं तोंड बघितलंच नाही हो, मी पाठीवर रागावून आले. पाठीवर!

नाही, रडत नाहीये. हसतेय. दोन्ही एकदम होतंय, त्याला काय करू? — नोकरी? नोकरी सोडणार? वेड लागलंय का, काकू! उद्याची बस म्हणजे उद्याची बस, त्यात एक मिनिट इकडचं तिकडे होणार नाही. चार तासांचा रस्ता आहे, परदेश नाही. सुट्टी असते लोकांना. फोन असतात. तो फोनवर काय बोलणार तो प्रश्न वेगळा — मी बोलेन, त्यानं नुसतं ऐकावं, तेवढी सवय आहे त्याला. पण हे त्याला कळायला नको? म्हणजे, मला कळलंय हे? मी बसमध्ये बसले असते, आणि जन्मभर लोकांना सांगत फिरले असते की एक दगड होता समोरच्या दुकानात. आणि दगडानं उद्यापासून कुणासाठी फिरवलं असतं ते चाक? मामासाठी?

मी जाऊन येते. आत्ता. काय बोलणार? ठरवलं तर भाषण होईल, म्हणून ठरवत नाही. केस ठीक आहेत? — सांगू नका. मामा आला तर म्हणावं बसा, येते. दुसरं गिऱ्हाईक आलं तर तुम्हीच दाखवा, एस म्हणजे वेळ, ए म्हणजे भोक, आता येतं तुम्हाला. नाही, पावती नंतर, सगळं नंतर, सरका जरा, दार या बाजूला उघडतं — आणि काकू, तो कॅमेरा तेवढा खाली ठेवा. मला त्याचे हात मोकळे हवेत.